धारावीचा विजयदिन : तारखा, कागद आणि माणसे

१७३९ च्या उन्हाळ्यात वसईच्या खाडीच्या तोंडाशी तीन कालगणना एकाच वेळी चालू होत्या. किल्ल्यात कोंडलेले पोर्तुगीज रोमच्या पोपने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग पाळत होते. दक्षिणेला मुंबई बेटावरचे इंग्रज जुन्याच ज्युलियन पंचांगाला धरून होते, म्हणून त्यांची तारीख पोर्तुगीजांच्या अकरा दिवस मागे पडे. शिवाय त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या पत्रावर इंग्रज कारकून अजून १७३८ हाच आकडा घाली. खाडीच्या दोन्ही काठांवर मोर्चे लावून बसलेले मराठे पत्रावर तिथी किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहीत आणि सन घालत शुहूरचा : तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलते. वसई शरण आली ती मृग लागण्याच्या थोडेच आधी. पोर्तुगीज कागदात तो दिवस १६ मे आहे आणि इंग्रजी कागदात ५ मे. दिवस एकच.

हे आधी सांगायचे कारण मीरा-भाईंदरमध्येच आहे. उत्तनजवळ चौकच्या डोंगरावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तिथे बाजीराव पेशव्यांचे बंधू आणि वसईच्या मोहिमेचे सेनापती चिमाजी आप्पा यांचा पुतळा उभा आहे. ६ मार्च हा धारावीचा विजयदिन म्हणून दुर्गप्रेमी मंडळी तिथे जमतात. मुंबईत धारावी म्हटले की लोकांना भलतीच वस्ती आठवते. आपल्या शहराच्या पश्चिम टोकाला त्याच नावाचे एक बेट आहे आणि त्या बेटाचा किल्ला पडल्यावर वसईच्या गळ्याभोवतीचा फास आवळला गेला, हे याच शहरातल्या शाळकरी मुलांना सांगावे लागते. म्हणून मला या विजयदिनाचे महत्त्व वाटते. तो पाळायचा तर कागदांच्या आधाराने पाळावा, एवढाच माझा आग्रह आहे. कागद नीट वाचले तर अभिमान कमी होत नाही. तो अधिक माणसांपर्यंत पोहोचतो, आणि त्यांतली काही माणसे आजवर या अभिमानाच्या बाहेर उभी राहिलेली आहेत.

कागद कोणते? सगळ्यात मोठा साठा पेशवे दफ्तराचा. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. त्यातला सोळावा खंड सबंध वसईच्या मोहिमेचा. त्यात छावणीतून पुण्याला, पुण्याहून छावणीला आणि एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर गेलेली पत्रे आहेत. ती लिहिणाऱ्यांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि त्यांची खरी किंमत यातच आहे. दारू संपत आली, शिड्या आखूड पडल्या, अमुक माणूस ठार झाला, तमुक गलबत खाडीत शिरले : असा मजकूर पानोपानी येतो. दुसरा साठा ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांच्या पत्रव्यवहाराचा. तो पारसनिसांनी छापला आणि राजवाड्यांनीही आपल्या साधनांच्या तिसऱ्या खंडात घेतला. स्वामी पेशव्यांचे गुरू होते, तसेच सावकारही. राजवाड्यांनी त्यांच्यावर फार कठोर लिहिले आहे. तरी चिमाजी आप्पांनी वसईच्या शेवटच्या हल्ल्याची हकीकत स्वामींना कळवली, म्हणूनच ती आपल्या हाती राहिली. तिसरा साठा गोव्याच्या पुराभिलेखागारातला. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवून तो उलगडला. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ १९६७ मध्ये मराठीत आले, आणि समोरच्या तटावरून ही लढाई कशी दिसत होती हे मराठी वाचकाला कळू लागले. मोहिमेला दोनशे वर्षे झाली तेव्हा य. न. केळकरांनी ‘वसईची मोहीम’ लिहिली. याशिवाय साष्टीची बखर आणि अणजूरकर नाईकांच्या घराण्याची हकीकत आहे. या दोन्ही नंतरच्या आहेत, घराण्याचा मान सांभाळून लिहिलेल्या आहेत, पण स्थानिक माणसांची नावे त्यांच्याइतकी दुसरीकडे सापडत नाहीत.

आता जागा पाहू. उल्हास नदीची खाडी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर वसईचा किल्ला आणि दक्षिण काठावर धारावी बेट. उत्तन, पाली, चौक, तारोडी, डोंगरी ही गावे या बेटावरची. साष्टीपासून ते भरतीच्या पाण्याने तुटलेले होते. मधली खाजणे आणि मिठागरे भाईंदर, राई, मुर्धे, मोर्वे या गावांच्या बाजूला. पूर्वेला, खाडी आत वळते त्या नाक्यावर घोडबंदर. चौकच्या टेकाडावर उभे राहिले की वसईचा तट समोर येतो आणि खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत नजरेखालून जाते. तिथे तोफ चढली की वसईला समुद्राकडून येणारा दाणा आणि दारूगोळा धोक्यात येतो. मराठ्यांकडे पोर्तुगीजांच्या तोडीचे आरमार नव्हते. गोवा, दमण आणि दीव येथून येणारी मदत पाण्यावर अडवणे त्यांना जमत नव्हते. ती डोंगरावरून अडवावी लागणार होती. चिमाजी आप्पांनी धारावीसाठी एवढी माणसे का खर्ची घातली, ते नकाशा पाहताच कळते.

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाली, आणि तिच्याबरोबर साष्टीही. पुढची दोनशे वर्षे हा त्यांचा उत्तर प्रांत होता. तिथल्या हिंदूंच्या सणा-समारंभांवर आणि लग्नमुंजींवर बंदी होती, पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन बाटवण्याचे कायदे होते. हे पोर्तुगीज आज्ञापत्रांतूनच दिसते, त्यासाठी बखरीची साक्ष काढावी लागत नाही. बखरीतून येते ती माणसांची गोष्ट. मालाडचे अंताजी रघुनाथ यांचे वतन धर्मकृत्ये केल्यावरून जप्त झाले आणि ते पुण्याकडे निघून गेले. भिवंडीजवळच्या अणजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू वर्षानुवर्षे पेशव्यांकडे खेटे घालत राहिले. बाजीरावांनी कल्याण प्रांत हाताखाली घेतल्यावर वसईच्या बाजूला सरहद्द खटकू लागलीच होती. वसईचा जनरल लुइश बोतेल्यो पेशव्यांच्या वकिलाशी उद्धटपणे वागला, ही तक्रारही त्यात भर घालून गेली. पण माझ्या मते निर्णायक ठरली ती गंगाजी नाईकांसारख्यांची माहिती. कुठल्या उतारावर ओहोटीला कमरेएवढेच पाणी असते, ठाण्याच्या अर्धवट बांधलेल्या कोटाची कुठली बाजू उघडी आहे, हे शनिवारवाड्यात बसून कळणारे नव्हते.

१७३७ च्या मार्चअखेरीस ठाणे पडले. खंडोजी माणकर, शंकराजी केशव फडके, रामचंद्र हरी पटवर्धन आणि होनाजी बलकवडे ही नावे त्या हल्ल्यात येतात. ठाणे पडताच साष्टी बेट उघडे पडले. घोडबंदर मराठ्यांकडे आले आणि आजच्या मीरा-भाईंदरच्या गावांवरचा दोन शतकांचा अंमल काही दिवसांत उठला. वसई मात्र शिड्यांनी घेण्याचे त्या वर्षीचे प्रयत्न फसले. दुसऱ्या वर्षी केळवे-माहीमसमोर मराठ्यांनी मार खाल्ला. विजयदिनाच्या भाषणांत ही दोन वर्षे एका वाक्यात उरकली जातात. पत्रांत मात्र तीच सर्वांत लांब आहेत. बाजीराव भोपाळला निजामाशी गुंतलेले, कोकणात पाऊस, पैशाची ओढ, आणि समोरचा शत्रू तोफखान्यात सरस. याच काळात धारावीच्या डोंगराने हात बदलले. मराठ्यांनी तिथे बांधकाम सुरू केले. पोर्तुगीजांनीही जागेची किंमत ओळखली आणि ती हिसकावून घेतली. १७३८ च्या अखेरीस त्यांचा नवा जनरल पेद्रु द मेलू ठाणे परत घ्यायला गलबते घेऊन खाडीत शिरला आणि ठाण्याच्या तोफेच्या गोळ्याने मारला गेला.

इथून चित्र पालटले. त्या हिवाळ्यात चिमाजी आप्पा स्वतः मोठी फौज घेऊन कोकणात उतरले. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर गोव्यावर गेले आणि त्यांनी मडगाव घेतले, म्हणजे व्हाइसरॉय सांदोमिल उत्तरेला मदत पाठवूच शकेना. जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडले, मग तारापूर. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाले.

बाजी भिवरावांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. ते पेशवे बंधूंच्या अगदी जवळचे. त्यांच्या आईला, वेणूबाईंना, बाजीरावांनी सांत्वनाचे पत्र लिहिले आणि तुमचा पुत्र म्हणून आता मीच आहे, अशा अर्थाचा दिलासा दिला. राजकारणाच्या शेकडो पत्रांत हे एक पत्र वेगळे पडते. त्यात मोहीम नाही, तह नाही, वसुली नाही. एका सेनापतीने एका आईपुढे मान खाली घातली आहे. चौकच्या कार्यक्रमात चिमाजी आप्पांना हार घातला जातो आणि तो योग्यच आहे. पण या युद्धाने घराघरांतून काय उचलून नेले, हे कळायला वेणूबाईंना गेलेल्या पत्राइतके दुसरे साधन मला ठाऊक नाही.

तारापूरनंतर अशेरी आणि किनाऱ्यावरची बाकीची ठाणी पडत गेली. फेब्रुवारीच्या मध्यापासून वसईला वेढा बसला, आणि मार्चमध्ये धारावी मराठ्यांनी परत घेतली. उत्तरेचा किनारा, पूर्वेची साष्टी आणि दक्षिणेचे धारावीचे टोक असे तिन्हीकडून दार लागले. गोवा घोरपड्यांनी अडकवलेला होता. इंग्रज मुंबईत बसून तटस्थपणाची भाषा करत होते. त्यांनी वसईला थोडे कर्ज दिले, तेही चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून.

एप्रिलमध्ये वसईच्या तटाखाली सुरुंग खणण्याचे काम चालले होते. इकडे दिल्लीत नादिरशहा शिरला होता. बाजीराव बुऱ्हाणपुराकडे होते आणि त्यांना उत्तरेसाठी फौज हवी होती. वसई सोडावी की पुरी करावी, हा प्रश्न त्या पत्रांत खरोखर उभा आहे. चिमाजी आप्पांनी वसई पुरी केली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे मोर्च्यांवर आले. शेवटचा हल्ला सान सेबास्तियाँवच्या बुरुजाकडे झाला. काही सुरुंग वेळेवर उडाले, काहींनी दगा दिला आणि आपलीच माणसे दगडांखाली गाडली गेली. पडलेल्या खिंडारात लोक चढत, वरून गोळे आणि पेटते पदार्थ येत, लोक मागे येत आणि पुन्हा चढत. किल्ल्याचा जनरल मार्तिन्यु द सिल्व्हैरा आधीच पडला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतानु द सोझा परैराने तहाचे बोलणे लावले. मराठ्यांचे सुमारे पाच हजार आणि पोर्तुगीजांचे आठशे माणूस या वेढ्यात मेले किंवा जखमी झाले, असा आकडा जुन्या ग्रंथांत येतो.

चिमाजी आप्पांच्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. किल्ला पडत नसेल तर माझे डोके तोफेत घालून आत फेका, असे ते म्हणाले ही एक. पाडाव झालेल्या पोर्तुगीज स्त्रीला त्यांनी सन्मानाने परत पाठवले ही दुसरी. पहिली बखरीच्या तोंडची वाटते. हल्ल्यानंतर लिहिलेल्या पत्रात चिमाजी आप्पा स्वतःच्या त्वेषाबद्दल बोलत नाहीत. कोण कुठल्या बाजूने चढला, कुठला सुरुंग केव्हा उडाला, हे ते सांगतात. सेनापतीची थोरवी मला त्या हिशोबी पत्रात अधिक दिसते. दुसऱ्या गोष्टीला शिवाजी महाराज आणि कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची छाप आहे हे उघड आहे. पण तिच्याखालची जमीन पक्की आहे, आणि ती जमीन म्हणजे तहाची कलमे.

जर्सन द कुन्हा या गोमंतकीय डॉक्टरांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या प्राचीन वास्तूंवर ग्रंथ लिहिला, त्यात ही कलमे वाचायला मिळतात. फौजेने शस्त्रे घेऊन, नगारे वाजवत, निशाणे फडकवत बाहेर पडावे. बायका-मुलांनी आणि शहरवासीयांनी आपली चीजवस्तू घेऊन सुखरूप जावे, त्यासाठी आठ दिवसांची मुदत. दोन्हीकडचे कैदी सुटावेत. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म मोकळेपणी पाळता यावा, आणि त्यासाठी तीन चर्चे राखावीत : एक वसई शहरात, एक कसब्यात, एक साष्टी बेटावर. पाच हजार माणसे मेलेल्या-जखमी झालेल्या फौजेने, विजय हाती आलेला असताना, हे मान्य केले. पोर्तुगीज इंग्रजी मोजणीच्या १२ मे रोजी, म्हणजे त्यांच्या २३ मे रोजी, किल्ल्याबाहेर पडले.

आता तारखेकडे वळतो. चौकला ६ मार्च पाळतात. मराठी इतिहासकारांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या तिथ्या इंग्रजी तारखांत बदलताना सहसा त्या वेळच्या इंग्रजी, म्हणजे जुन्या पंचांगाचा आधार घेतला. बाजीरावांच्या मृत्यूचे उदाहरण सोपे आहे. रावेरखेडीला ते गेले ती तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. पुस्तकांत तारीख येते २८ एप्रिल १७४०. ती जुन्या पंचांगाची आहे, आजच्या कॅलेंडरात तो दिवस ९ मे होतो. धारावीचा ६ मार्चही याच मोजणीतला धरला तर आजच्या कॅलेंडरात तो १७ मार्चला येतो. वसईसाठी मात्र अनेक लेखक पोर्तुगीज तहाची १६ मे ही तारीख घेतात. म्हणजे एकाच मोहिमेतल्या दोन विजयांचे दिवस आपण दोन वेगवेगळ्या पंचांगांप्रमाणे पाळतो.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे नाही. बल्गेरियात वासिल लेव्हस्की या क्रांतिकारकाला लोक स्वातंत्र्याचा प्रेषित म्हणतात. त्याने गावोगाव गुप्त समित्या उभारल्या. तुर्की सत्तेने त्याला सोफियात फाशी दिले ते जुन्या पंचांगाप्रमाणे ६ फेब्रुवारी १८७३ रोजी. एकोणिसाव्या शतकात दोन पंचांगांत बारा दिवसांचे अंतर होते, म्हणून नव्या पंचांगात ती तारीख १८ फेब्रुवारी व्हायला हवी. पण बल्गेरियाने १९१६ मध्ये पंचांग बदलले तेव्हा विसाव्या शतकाचे तेरा दिवसांचे अंतर लावले गेले, आणि आजही देशभर १९ फेब्रुवारीलाच लेव्हस्कीला फुले वाहतात. कवी आणि बंडखोर ख्रिस्तो बोतेव याचेही तसेच झाले. तो १८७६ च्या १ जूनला पडला, पण २ जूनला दुपारी बारा वाजता देशभर भोंगे वाजतात आणि माणसे जागच्या जागी उभी राहतात. राष्ट्रीय दिन ३ मार्चचा, १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहाचा. ही तारीख मात्र बरोबर बदललेली आहे. तिथल्या अभ्यासकांना हे सगळे माहीत आहे. लोकांनी दिवस बदललेला नाही, आणि त्यांनी तो बदलावा असे मलाही वाटत नाही. भोंगा वाजल्यावर लाखो लोक उभे राहतात त्या क्षणाला आता स्वतःचा इतिहास आहे.

१९ फेब्रुवारी वाचून मराठी माणूस चमकेलच. आपली शासकीय शिवजयंती त्याच दिवशी. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही जन्मतिथी टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीमुळे पुढे आली, ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला, आणि तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० निघाली. तीही ज्युलियन. ग्रेगोरियन पंचांगाने १ मार्च. सोफिया आणि शिवनेरी एकाच तारखेला गजबजतात, आणि दोन्हीकडे ती तारीख आजच्या कॅलेंडरातला खरा दिवस सांगत नाही. आपल्याकडे निदान तिथीचा पर्याय आहे. बल्गेरियाकडे तो नाही.

बल्गेरियाकडून आणखी एक गोष्ट घ्यावी असे मला मनापासून वाटते. एप्रिल १८७६ चा तिथला उठाव फसला, बताक गावात कत्तल झाली, आणि वाचलेल्यांपैकी झहारी स्तोयानोव याने पुढे त्या उठावांच्या आठवणी तीन भागांत लिहून काढल्या. कोणी काडतुसे वळली, कोणी चेरीच्या झाडाच्या खोडाची तोफ केली, कोण घाबरला, कोण फितला, सगळे नावानिशी. तिथला शाळकरी मुलगा लेव्हस्कीबरोबर अशा शेकडो सामान्य माणसांची नावे ऐकत वाढतो. वसईच्या मोहिमेला स्तोयानोव मिळाला नाही, पण दफ्तरातली पत्रे तेवढेच काम करू शकतात. सुरुंग खणणारे बेलदार, शिड्या वाहणारे, ओहोटीची वेळ सांगणारे कोळी, हेटकरी बंदूकवाले, यांच्याशिवाय धारावी घेता आली नसती. पत्रांत त्यांच्या तुकड्या आहेत, हजेऱ्या आहेत, बक्षिसांच्या नोंदी आहेत. पुतळ्याखाली एका सेनापतीचे नाव असते. पत्रांत त्याच्याबरोबर चढलेल्यांचीही नावे सापडतात.

आता सर्वांत नाजूक भागाकडे येतो. धारावीच्या पायथ्याशी आज जी गावे आहेत, त्यांत उत्तन, पाली आणि डोंगरीचे मोठे समाज ख्रिस्ती आहेत : मासेमारी करणारे कोळी आणि स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवणारे. त्यांची बोली मराठी, आडनावे पोर्तुगीज, डोक्यावरची टोपली कोळणीची. गडावर विजयदिन साजरा होतो त्या वेळी खाली त्यांच्या मनात काय येत असेल, हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. त्यांच्या पूर्वजांच्या दृष्टीने १७३९ म्हणजे गोरे पाद्री निघून गेले, अनेक चर्चे मोडली, लढाईत शेते जळाली. हेही खरेच आहे आणि ते लपवून कुठलाही विजय मोठा होत नाही.

पण आणखी एक साक्षीदार आहे. आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान पुढे झेंद अवेस्ताचा अनुवादक म्हणून प्रसिद्ध झाला. तो १७६० मध्ये साष्टीतून गेला. तेव्हा मराठी अंमलाला वीस वर्षे उलटून गेली होती. त्याने लिहून ठेवले की मराठ्यांनी ख्रिस्त्यांना धर्माची मोकळीक ठेवली आहे, चर्चे देशी पाद्र्यांच्या हाती आहेत. ठाण्याच्या चर्चमधल्या एका सणाला तो स्वतः हजर होता आणि तिथे हजारो ख्रिस्ती जमलेले त्याने पाहिले. द्युपेराँला मराठ्यांची बाजू घ्यायचे काही कारण नव्हते. तहातले धर्माचे कलम कागदावरच राहिले नाही, याचा हा त्रयस्थाने दिलेला पुरावा आहे. उत्तन-डोंगरीतली प्रार्थना आणि सण या भागात खंड न पडता चालत आले, त्यात १७३९ च्या त्या कलमाचाही वाटा आहे. म्हणून चौकचा विजयदिन त्यांचाही आहे असे मी म्हणतो. सौजन्य म्हणून नव्हे. तहाच्या मजकुरात त्यांचा उल्लेख आहे म्हणून.

मराठ्यांकडे साष्टी आणि धारावी फार काळ राहिली नाही. जुलै १७३९ मध्येच कॅप्टन इंचबर्डने मुंबईच्या इंग्रजांतर्फे चिमाजी आप्पांशी तह केला आणि नवा शेजारी म्हणून व्यापाराच्या अटी ठरवून घेतल्या. चिमाजी आप्पा वसईनंतर दीड वर्ष जगले. डिसेंबर १७४० मध्ये ते गेले, तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाणे घेतले, त्याबरोबर साष्टीही गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची इंग्रजांकडे राहिली. सान स्तेफानोने बल्गेरियाला दिलेला मोठा प्रदेश बर्लिनच्या परिषदेने चार महिन्यांत काढून घेतला होता. त्या मानाने मीरा-भाईंदरच्या गावांना मराठी अंमलाची सदतीस वर्षे मिळाली.

धारावी गडावर माहितीचा फलक लावायचा असेल तर माझी मागणी अशी आहे. विजयाची तारीख दोन्ही पंचांगांत लिहावी आणि शेजारी शुहूर सन ११३९ घालावा. चिमाजी आप्पांच्या खाली गंगाजी नाईक अणजूरकर, अंताजी रघुनाथ, शंकराजी केशव आणि बाजी भिवराव यांची नावे असावीत. पत्रांत ज्या तुकड्या आल्या आहेत त्या जातीने आणि कामाने नोंदवाव्यात. बेलदार आणि कोळी त्यात पहिले. त्याच फलकावर तहाचे तीन चर्चांचे कलम सबंध छापावे, आणि त्याचे मराठी उत्तन-डोंगरीच्या एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावे. पेशवे दफ्तराचा सोळावा खंड, पिसुर्लेकर आणि द कुन्हा यांच्या प्रती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या वाचनालयात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये गडावर बोलायला उभा राहणारा मुलगा आधी तिथे जाऊन बसेल.